ड्युटीवाल्यालाच खोली

पांढरकवड्यात खोली शोधायला निघालो त्याआधी अडीच वर्षं मी लॅपटॉप पाठीवर टाकून देशभर भाड्याच्या खोल्यांत राहिलो होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे या माणसाला खोलीच शोधता येत नाही असं कोणी म्हणायला नको. गोव्यात राहिलो, केरळात समुद्राकाठी राहिलो. हिमाचलातल्या एका म्हाताऱ्यानं तर माझं आडनावही न विचारता किल्ली हातावर ठेवली आणि स्वतः मेंढरांमागं निघून गेला. आणि माझ्या स्वतःच्या जिल्ह्यात, जिथं मी शाळा शिकलो, जिथली बोली अजून माझ्या तोंडात आहे, तिथं सतरा दिवस मला कोणी दारात उभं केलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

खोली हौसेसाठी नको होती. जानेवारीच्या सुरुवातीला माझी मोठी बहीण अंगणात नळापाशी घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, तीन महिने सकाळ-संध्याकाळ धरून चालवा. दुखतं म्हणतील, रडतील, तरी चालवा. नाही चालवलं तर पाय कायमचा आखडला म्हणून समजा.

आता चालवणार कोण? भाऊजी ट्रकवर, हैदराबाद लाइनला, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. ताईची सासू डोळ्यांनी अधू, तिलाच कोणीतरी धरावं लागतं. मुलगी सासरी, तिच्या कडेवर चार महिन्यांचं बाळ. उरलो मी. माय गेली तेव्हा मी सहावीत होतो आणि ताईनं माझ्यापायी स्वतःचं लग्न दोन वर्षं लांबवलं होतं. तेव्हा मी जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता राहायचं कुठं. खोली मिळेपर्यंत ताईकडंच राहिलो. घर दोन खोल्यांचं. त्यात बहिणीच्या सासरी भावानं चार दिवस राहावं, पाचव्या दिवशी पिशवी उचलावी, ही आमच्याकडची रीत. सासूबाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी "आज काय मुक्काम आहे ना?" असं इतक्या प्रेमानं विचारायच्या की मी ताट अर्ध्यावर सारायचो. त्यातून दुखणाईताला पाहायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकजण बिस्किटचा पुडा घेऊन येतो, चहा पितो आणि आपल्या ओळखीत खुबा मोडून कोण कोण मेलं ते सांगतो.

माझं काम पुण्याच्या एका कंपनीचं. मुलांचे मोबाइलवरचे धडे तपासायचे, आणि रोज अकराला सगळ्यांनी कॅमेरा सुरू करून मीटिंगला बसायचं. एके दिवशी मीटिंग ऐन रंगात असताना शेजारची एक आजी माझ्या खांद्यावरून वाकली आणि पडद्यावरच्या आमच्या मॅडमकडं बोट दाखवून म्हणाली, "हे बाई काहून अशी सुकली बापा? जेवत नाही का?"

मॅडमनं दुपारी फोन केला. सभ्य बाई, ओरडली नाही. एक तारखेच्या आत तुझी बसायची स्वतंत्र जागा पक्की कर, नाहीतर पुण्याला ऑफिसात हजर हो, एवढंच म्हणाली. म्हणजे हिशोब सरळ होता. खोली मिळाली तर ताई चालणार. नाही मिळाली तर मी पुण्याला आणि ताई खाटेवर.

मग सुरू झाली पायपीट. आमच्याकडं 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी कोणी लावत नाही. पाटी लावली म्हणजे घर अडचणीत आलं असं लोकांना वाटतं. खोली असते, रिकामीही असते, पण ती कोणाच्या तरी तोंडून कळावी लागते. कळली की दारात उभं राहून तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची. कोनाचे तुम्ही? फॅमिली आहे का? ड्युटी कुठं आहे?

पहिल्याला मी पास व्हायचो, कारण बाप मास्तर होता आणि चार लोक ओळखायचे. फॅमिली नाही म्हटल्यावर मान जरा हलायची, पण बँकेतले, पंचायत समितीतले एकटे पुरुषही राहतातच, त्यामुळं तेही निभायचं. घोडं अडायचं ड्युटीपाशी.

एक निवृत्त गुरुजी होते. पांढरं धोतर, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नोकरीचं पत्र मागितलं. मी ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं.

"ऑफिस पुन्याले," ते म्हणाले.

"हो."

"पगार पुन्याहून."

"हो गुरुजी."

"अन् राहाचं पांढरकवड्याले. जाचं कुठंच नाही."

"कामच घरून आहे. नेट असलं की झालं."

"मंग गडबड कुठं आहे ते सांगा ना."

गडबड नाही हे सिद्ध कसं करायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी लॅपटॉप उघडून दाखवला, मीटिंग दाखवली, स्पीड मोजून दाखवला. जितकं दाखवत गेलो तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस दिवसाढवळ्या घरात बसून राहतो आणि त्याचे त्याला पैसे मिळतात, हे त्यांना पटेना. शेवटी म्हणाले, "विचार करून सांगतो." आमच्याकडं याचा अर्थ एकच होतो.

अशी सहा-सात घरं झाली. सगळीकडं तेच. मी नेटचं सांगायचो, कंपनीचं सांगायचो, वेळेवर भाड्याचं सांगायचो, आणि समोरच्याचा चेहरा शटर ओढल्यासारखा बंद व्हायचा. डोकं असं फिरायचं की वाटायचं, खोटाच एक शिपाई होतो आणि सांगतो तहसीलीत आहे म्हणून. संध्याकाळी ताईला अंगणात चालवताना मी हे सगळं तिच्यावर काढायचो. ती वॉकर धरून एकेक पाऊल टाकायची, दात आवळायची आणि मधेच म्हणायची, "जाय ना मंग पुन्याले. मी का तुले बांधून ठेवलं?" मग मला तिचाही राग यायचा.

हायवेला लागून एका वेल्डिंगवाल्या भाईचं दुकान आहे. भाऊजींच्या ट्रकचं काम तोच करतो. त्याच्या दुकानावर एक खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेलो. भाई खुलेपणानं म्हणाला, "लेलो ना भाई, आपकीच है. पर दिनभर ये चलता." आणि ग्राइंडर सुरू करून दाखवलं. माझ्या दाढा हलल्या. मग त्यानंच चहा मागवला, माझी सगळी रडकथा ऐकली आणि गिऱ्हाईक टाकून मला स्कूटरवर बसवून दोन गल्ल्या पलीकडं एका शेतकऱ्याच्या घरी नेलं. तिथले काका मारेगावच्या बाजूला कापूस-तुरीचं शेत करतात, सकाळी जातात ते दिवस मावळता येतात. काकू घर बघतात. स्लॅबवर एक खोली, बाहेरून जिना, अठरा पायऱ्या, मोरी वेगळी. खिडकीतून वारा. मोबाइलला चार काड्या. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

काकांनी तिसरा प्रश्न विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत भाई बोलून मोकळा झाला. "ड्युटी है ना इनकी. सुबे दस को जाते, शाम को छे को आते. मेरी गॅरंटी."

काकूंनी पदर सावरत विचारलं, "दिवसा नाही ना राहात घरी?"

"बिलकुल नही," भाई म्हणाला.

किल्ली मिळाली. बाहेर आल्यावर मी भाईला म्हटलं, अरे बाबा, हे काय करून ठेवलंस? तो म्हणाला, "कमरा मिला ना? बाकी अल्ला मालिक."

तर अशी माझी गत झाली. घरून काम करणाऱ्या माणसाला घर मिळालं, ते कामाच्या वेळी बाहेर राहायच्या अटीवर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सकाळी सातला ताईकडं जायचो, तिला चालवायचो, परत येऊन आंघोळ, आणि दहाला डबा-बॅग घेऊन जिना उतरायचो. काकू खालून म्हणायच्या, "निघाले का ड्युटीले?" मी मान हलवायचो.

ड्युटीवर जायचो म्हणजे कुठं, ते मला विचारा. आधी अभ्यासिकेत गेलो. तिथं स्पर्धा परीक्षांची पोरं पान उलटताना सुद्धा आवाज होऊ देत नाहीत. मीटिंगमध्ये मी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि वीस माना माझ्याकडं वळल्या. मग एसटी स्टँडवर बसून पाहिलं. तिथं मॅडम पालकांच्या तक्रारींवर बोलत होत्या आणि मागून वणी गाडी फलाट दोनला लागत होती. शेवटी भाईलाच पकडलं. म्हटलं, खोटं तू बोललास, आता बसवही तूच. त्यानं दुकानामागची सामानाची खोली मोकळी करून दिली आणि अकरा ते साडेअकरा ग्राइंडर बंद ठेवायचं कबूल केलं. फेब्रुवारी अख्खा मी लोखंडी गजांच्या ढिगाऱ्यात बसून लहान मुलांच्या कविता तपासल्या. मागं भिंतीवर ट्रकच्या चाकाचं चित्र होतं. मॅडमला वाटलं ते मीच हौसेनं लावलंय.

स्लॅबवर संध्याकाळी परतलो की खोलीबाहेर पांढरे वाळके ठिपके दिसायचे, कधी माझ्या कडीला पीठ लागलेलं असायचं, कधी दोरीवर अनोळखी लुगडी. मी पाय पुसून आत जायचो. काकूंना मी दिवसा घरात का नको, हे मला त्या ठिपक्यांवरून कळायला हवं होतं. पण मी गुरुजींचाच संशय डोक्यात धरून बसलेलो. मला वाटायचं, हेही लोक मला चोर समजतात.

मार्चच्या एका शुक्रवारी भाईच्या नात्यात लग्न निघालं आणि दुकानाला कुलूप. मला सांगायला विसरला. साडेदहा झालेले. अभ्यासिका नको, स्टँड नको. म्हटलं, गेला तो संशय खड्ड्यात, जातो खोलीवर. अठरा पायऱ्या चढून वर आलो आणि जागच्या जागी थिजलो.

अख्ख्या गल्लीच्या बाया माझ्या दारापुढं होत्या. एका कडेला चूल पेटलेली, तिच्यावर कुरड्यांचा चीक रटरटतोय. दोघी सोऱ्या दाबतायत. प्लास्टिकच्या कागदावर कुरड्यांच्या रांगा. चार जणी पदर खोचून, पोटऱ्यांपर्यंत लुगडं वर घेऊन पापड लाटतायत, एक नुकती न्हालेली, केस मोकळे सोडून उन्हाला पाठ करून बसलेली. हसणं-खिदळणं चाललं होतं ते कोणी तोंडात बोळा कोंबावा तसं थांबलं. पटापट पदर खाली आले. काकूंच्या हातात उलथनं तसंच राहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना माझ्या चोरीची भीती नव्हती. दहा ते सहा ही स्लॅब त्यांची होती. फाल्गुन-चैत्रात उन्हाची, एकमेकींजवळ मोकळं बसायची गल्लीतली तेवढी एकच जागा, आणि तिथं एक पुरुष दिवसभर खिडकीत बसलेला त्यांना परवडणार नव्हता. हे कोणी मला सांगितलं नाही, कारण असलं सांगत नसतात.

पण अकराला चार मिनिटं कमी होती. मी खाली मान घालून, कुरड्या ओलांडून खोलीत शिरलो, दार-खिडकी लावली आणि लॅपटॉप उघडला. बाहेर कुजबुज झाली, भांडी वाजली, मग जिन्यावर पावलं. गेल्या बिचाऱ्या सगळ्या खाली. मी इतका ओशाळलो की मॅडम काय बोलतायत ते कानात शिरेना.

दहा मिनिटांनी स्लॅबवर धप्प झालं. मग आणखी एक धप्प. खिडकीच्या फटीतून बघतो तर वांदरं. काळ्या तोंडाची, हातभर शेपटाची, आठ-दहा. एक वांदर कुरडई छातीशी धरून खातंय, दुसरं पिठाच्या गोळ्यावर बसलंय. वर बायांचा पत्ता नाही, आणि त्या खाली गेल्या होत्या माझ्यामुळं. मी कॅमेरा-बिमेरा विसरून कानातल्या तारांसकट उठलो, झाडू घेतला आणि दार उघडून त्यांच्या अंगावर धावून गेलो. काय काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. पुण्यातल्या अकरा माणसांनी मात्र ते स्वच्छ ऐकलं.

वांदरं गेली. अर्ध्याहून जास्त कुरड्या वाचल्या. मी आत येऊन बसलो. मॅडमनं विचारलं, "काय झालं?"

"माकडं," मी म्हटलं.

"तू आहेस कुठं नक्की?"

मी म्हटलं, दुपारी सांगतो. आणि ठरवून टाकलं की नोकरी तर गेलीच, आता जे होईल ते होवो.

काकू वर आल्या तेव्हा मी तुटलेल्या कुरड्या गोळा करत होतो. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही तं ड्युटीवर राह्यता ना दिवसा?"

माझा तोल सुटला. म्हटलं, काकू, हीच माझी ड्युटी आहे. या डबड्यासमोर बसणं. मला जायला कुठलीही जागा नाही. सव्वा महिना झाला, मी लोखंडाच्या गोदामात बसतो, कारण या गावात घरात बसून काम करणारा माणूस कोणाला चालत नाही. आणि मला तुमच्या गावाची हौस नाही. माझ्या बहिणीचा खुबा मोडलाय. तिला दोन वेळा चालवायचं म्हणून मी इथं मरतोय. एक तारखेला खोली नसती तर मला पुण्याला जावं लागत होतं आणि ती जन्माची लंगडी झाली असती. आता तुम्ही खोली सोडा म्हणा, सोडतो.

काकू म्हणाल्या, "त्या नळापाशी पडल्या त्या? ट्रकवाल्याची बायको? त्या तुमच्या बहीण होय?"

"हो."

"मंग हे आधी नाही सांगता येत का माणसाले?" आणि आता त्या चिडल्या. खऱ्याखुऱ्या चिडल्या. "नेट सांगता, कंपनी सांगता, त्या भाईले खोटं बोलाले लावता. बहिणीले चालवाले आलो, इतकं सांगतलं असतं तं या गावात कोनं नाही म्हटलं असतं? आमी का जनावरं आहो?"

सतरा दिवस, सात घरं, आणि मी एकाही दारात ताईचं नाव काढलं नव्हतं. तीन प्रश्नांची उत्तरं देत राहिलो. खरा प्रश्न, म्हणजे आलास कशाला, हा मी कोणाला विचारूच दिला नाही. खोली मागताना बहिणीचं दुखणं पुढं करणं मला भीक मागितल्यासारखं वाटायचं. अडीच वर्षं फिरून मी एवढंच शिकलो होतो की घरमालकाला कारणं सांगायची नसतात. हिमाचलात ते चाललं. इथं लोक कारणावरच माणूस ठेवून घेतात.

त्या दिवसापासून अटी ठरल्या. दहा ते एक स्लॅब बायांची. मी आत, पडदा ओढून, बाहेर पाऊल नाही. एकनंतर त्या खाली गेल्या की वाळवणावर नजर माझी. काकू गल्लीत सांगायच्या, "वरच्या भाऊची दुपारून राखण आहे." मॅडमला मी सगळं खरं सांगितलं, ताईसकट. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" दोन बाया, सहाशे किलोमीटरचं अंतर, आणि शब्द तेच. कपाळावर हात मारून घेतला.

मी सुखी झालो असं मात्र समजू नका. एप्रिलात ती खोली भट्टी झाली. कूलरमध्ये पाणी ओतता ओतता कंबर गेली. दुपारी कामाच्या मधे खालून विचारणा व्हायची, "भाऊ, पापड वाळले काय पाहा बरं," आणि मी पाहायचो. एकदा मॅडमनं स्वतःच विचारलं, आज माकडं नाहीत का.

एप्रिलच्या शेवटी ताई आली. चालत. वॉकर सुटून काठी आली होती. दोन गल्ल्या चालून आली, जिन्याखाली थांबली आणि मी हात पुढं केला तर काठीनं बाजूला सारला. काकू मागून, मी पुढून उलटा चढत. प्रत्येक पायरीवर थांबत होती. अठरावी संपली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम गळत होता. काकूंनी खाट ओढली. ताई बसली, माझ्या खोलीत नजर टाकली आणि म्हणाली, "इतकुशा खोलीसाठी इतका तमाशा?"

मग काठी मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "चाल, झालं आता. जाय बापा तू आपल्या कामाले. माहा पाय चालते."

काकूंनाही विषय काढायचाच होता. म्हणाल्या, "एक बँकवाले साहेब विचारून राह्यले खोलीचं. पक्की ड्युटी आहे त्याईची, दहा ते सहा. तुम्ही कधी खाली करता?"

तीन महिने ज्या खोलीला मी शिव्या घातल्या, ती सोडायची म्हटल्यावर माझं डोकं पुन्हा तापलं. म्हटलं, अजून एक महिना राहणार मी.

"काहून?" काकू म्हणाल्या. "बहीण तं चालून राह्यली."

नेहमीसारखं काहीतरी तोंडात आलंच होतं. प्रोजेक्ट आहे, नेट चांगलं आहे. गिळून टाकलं.

"तेच पाहाचं आहे," मी म्हटलं. "तीन महिने तिचे पायच पाहिले, पडते की काय म्हणून. आता ती चालते ते एकदा धड पाहू द्या मला."

ताईनं तोंड दुसरीकडं केलं. काकू खाली गेल्या आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून शेजारणीला मोठ्यानं म्हणाल्या, त्या बँकवाल्याले सांगजो, खोली खाली नाही, बहिणीचा भाऊ राह्यते तिथं.